साठ नंबरचा सेल

आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता महादेव लोहारांनी लेकीच्या ओढणीकडे पाहिलं आणि विचारलं, "तेजा, तुझ्या कपड्यास्नी भोकं कशी पडत न्हाईत गं?"

तेजस्विनीला हसू आलं. कपडे फाटत नाहीत म्हणून तक्रार करणारा बाप तिने दुसरा पाहिला नव्हता. पण प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. महादेवरावांनी तांबजाई धरणाच्या बॅटरी रूममध्ये सव्वीस वर्षं काढली होती आणि त्या काळात त्यांचा एकही शर्ट एका दिवाळीपासून दुसरीपर्यंत धड टिकला नव्हता. बूस्ट दिला, म्हणजे चार्जिंग जोरात चालवलं, की सेलमधून बुडबुडे येतात, त्यांच्याबरोबर ॲसिडचे डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात आणि सुती कापडावर बसतात. कापड धुतलं की त्या त्या जागी मोहरीएवढं भोक. आई होती तोवर दर रविवारी रफू करत बसायची. आता त्यांच्या जागी तेजस्विनी होती.

"आबा, आता बूस्ट द्यावाच लागत नाही. नाडी यंत्र सांगतं, गरज नाही."

"कवापास्नं?"

"तीन वर्षं झाली की. तुम्ही रिटायर झालात त्याच्या पुढच्या महिन्यापासून."

"एकदाबी दिला न्हाई?"

"एकदाही नाही."

महादेवरावांचा हात ताटात थांबला. "आनि साठ नंबर काय म्हनतोय?"

"साठ नंबर ठणठणीत. माप बाराशेच्या खाली उतरतच नाही."

महादेवराव अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले आणि हात धुवायला गेले. ताटात अन्न टाकायचं नाही म्हणून लहानपणी त्यांनी तिला पाठीत धपाटे घातले होते. तेजस्विनी त्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिली आणि तिला एकदम भीती वाटली.

तांबजाईला पाच दरवाजे. ते उचलायला वीज लागते, आणि धरण काठोकाठ भरलेलं असतं नेमकी तेव्हाच तारा तुटून वीज जाते. पूर्वी अशा वेळेसाठी डिझेलचं जनरेटर होतं. धुराचा नवा कायदा आला आणि ते गेलं. लिथियम होतं तेवढं गाड्यांनी पळवलं. मग अडगळीत गेलेली शिशाची बॅटरी पुन्हा मानाने आणून बसवली गेली. दोन-दोन व्होल्टचे एकशेवीस सेल, एकापुढे एक जोडलेले. यात खोड एवढीच, की वीज सगळ्यांमधून जाते, त्यामुळे एक जरी मेला तरी तो बाकीच्यांच्या पायात पाय घालतो.

एकशेवीस सेलचं ॲसिड दर आठवड्याला कोण मोजणार? म्हणून बॅटरीवाल्यांची जुनी रीत अशी, की त्यातला एक सेल म्होरक्या नेमायचा आणि आठवड्याला त्याचंच माप घ्यायचं. बाकीच्यांचं तीन महिन्यांतून एकदा. शितावरून भाताची परीक्षा. तांबजाईचा म्होरक्या साठ नंबरचा.

पाच वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेने हीच रीत यंत्राला शिकवली. त्या यंत्राचं नाव नाडी. म्होरक्या सेलला दोन चिमटे लावायचे. नाडी त्यातून हलका, थरथरता प्रवाह सोडते आणि सेल त्याला कसा प्रतिसाद देतो ते टिपते. सेल म्हातारा झाला की प्रतिसाद मंदावतो. पण एका सेलवरून एकशेवीसांचं भविष्य सांगायचं तर जुना अनुभव हवा, आणि तो रजिस्टरांत होता. राज्यभरची रजिस्टरं धुंडाळली गेली. बहुतेकांत महिनेच्या महिने कोरे. सव्वीस वर्षांत एकही आठवडा न चुकलेलं रजिस्टर एकच सापडलं. नाडी महादेव लोहारांच्या अक्षरावर शिकली आणि आज दोनशे अकरा ठिकाणी बॅटरीचं आयुष्य दिवसांत सांगत होती. परवा, अभियंता दिनाला, मुंबईत महादेवरावांचा सत्कार होता. त्यासाठी शिवलेला पांढराशुभ्र शर्ट दाराच्या खिळ्याला लटकत होता.

दुपारी तेजस्विनी कपाटातला जुना हायड्रोमीटर घेऊन बॅटरी रूममध्ये शिरली. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगता काटा. ॲसिड जड असेल तर काटा वर तरंगतो, पातळ असेल तर बुडतो. भिंतीवर नाडीचा हिरवा आकडा होता: २१९० दिवस.

साठ नंबर: बाराशे दहा.

एकसष्ट नंबर. काटा बुडाला. तिला वाटलं, नळी चोंदली. पुन्हा ओढलं. अकराशे पाच.

बासष्ट: अकराशे. एकोणसाठ: अकराशे दहा. सतरा नंबरला तर काटा तळालाच टेकला, ॲसिड जवळजवळ पाणी झालं होतं. टॉर्च मारून तिने आत पाहिलं. शिशाच्या गडद पट्ट्यांवर पांढरी खर बसली होती.

ती खर म्हणजे काय हे तिला आबांनी काकवीच्या बरणीवरून शिकवलं होतं. बॅटरी वीज देते तेव्हा ॲसिडमधलं गंधक पट्ट्यांवर जाऊन बसतं. ताजं असतं तोवर मऊ असतं, चार्जिंग केलं की विरघळून परत ॲसिडमध्ये येतं. पण बॅटरी महिनोन् महिने अर्धपोटी ठेवली, तर ते बारीक कण एकमेकांना धरून मोठे, कडक खडे होतात, काकवी तळाला साखरते तसे. मग ते विरघळत नाहीत, आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद. शिवाय जड ॲसिड तळाला साचतं ते वेगळंच. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या सेलना पोटभरून वर चार घास जास्तच द्यायचे. बुडबुडे आले की ॲसिड ढवळून निघतं, मागे राहिलेले सेल पुढच्यांना गाठतात, आणि वर डिस्टिल्ड पाण्याची भर घातली की झालं. आबा दर अमावास्येला बूस्ट देत. तिथी लक्षात राहते म्हणून. शिशाची बॅटरी वापरून मरत नाही, उपाशी ठेवून मरते, असं ते म्हणत.

आणि ही तीन वर्षं उपाशी होती.

तिने निंबाळकर साहेबांना फोन लावला. ते उपविभागाचे अभियंता. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांच्या पाचावर धारण बसायची.

"साहेब, नाडी चुकतेय. म्होरक्या सोडून सगळे सेल उतरलेत. बूस्ट सुरू करायला पाहिजे, आत्ता."

"चार्जरचं कुलूप नाडीकडे आहे, तुला माहीत आहे. तिला वाटलं तरच बूस्ट लागतो."

"तेच म्हणतेय मी. तिला वाटत नाहीये."

"तेजस्विनी, दोनशे अकरा ठिकाणी चालणारं यंत्र खोटं आणि तुझी काचेची नळी खरी? परवा सत्कार आहे. तुझ्याच वडिलांचा. सोमवारी बघू."

"शुक्रवारी अतिवृष्टी सांगितलीय. धरण सत्त्याण्णव टक्के भरलंय."

"लाईन चालू आहे ना? मग बॅटरी लागतेय कुणाला? नाडीला हात लावू नकोस. लेखी पाठवतो."

आणि खरंच, दोन मिनिटांत लेखी आलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण नकार मात्र ताबडतोब मिळतो.

एकटा साठ नंबरच कसा धडधाकट? ती स्टँडसमोर उकिडवी बसली. रोज पुसत होती तीच लाकडी फळी, तोच राखाडी रंग. आज तिने सेलच्या मागे हात घातला. बोटांना तार लागली. ती स्टँडच्याच रंगात रंगवलेली होती, आणि खाली मोजपट्टीच्या डबीएवढ्या पेटीत शिरत होती. पेटी कोमट होती. दोन व्होल्टचा छोटासा चार्जर, फक्त साठ नंबरसाठी. तार जिथे वळत होती तिथे लाल सुताच्या तीन वेढ्यांची गाठ होती. तशी गाठ घरातल्या इस्त्रीच्या वायरीला होती, रेडिओच्या होती, आईच्या शिवणयंत्राच्याही.

घरी आबा अंगणात पायरीवर बसले होते. ती काही बोलायच्या आतच म्हणाले, "सापडलं व्हय?"

"का केलंत?"

"साठ नंबर नाजूक झाला हुता. नवा सेल द्या म्हनून तीन अर्ज केलं. उत्तर न्हाई. आनि तपासनीला सायेब आला की साठ नंबरच बगायचा, आनि मलाच मेमो. दोन मानसांची जागा, मी एकटा. तुझी आई तवा दवाखान्यात. दिला जोडून येक चार्जर. म्होरक्या बाराशे दावायला लागला, सायेब खूश."

"आणि तिमाहीची मापं? एकशेवीस सेलची?"

आबांनी नखाने पायरीवरचा चुना खरवडला. "साठ नंबर बगून लिवायचो. कुटं पाच खाली, कुटं पाच वर."

 तेजस्विनीला राग आला होता, आणि बापाची मान खाली गेलेली बघवतही नव्हती.

"पर बूस्ट कवा चुकवला न्हाई बग," ते म्हणाले. "येकबी अमावस्या. म्हनून सगळं सेल जगलं. लिवलेलं खोटं हुतं, पर बॅटरी उपाशी न्हाई ठिवली."

आता तिला सगळा गुंता उलगडला. नाडीने वाचलं ते लिहिलेलं. रजिस्टरात म्होरक्या कायम भरलेला आणि बाकीचे कायम त्याच्या पावलावर पाऊल टाकून. मग बूस्ट कशाला? तिने बूस्ट बंद केला, आणि रोज भरलेल्या साठ नंबरकडे बघून रोजचं चार्जिंगही तोडत गेली. एकट्याचं पोट भरलेलं बघून तिने एकशे एकोणीसांची पंगत उठवली होती.

"चिमटे साठवरनं काढून एकसष्टला लावले, तर नाडीला खरं कळेल," ती म्हणाली. "बूस्ट आपोआप सुरू होईल. पण लाल अहवाल मुंबईला जाईल. नाडी कारण विचारते, नाव विचारते."

 आबा खाली बघूनच म्हणाले, "सत्कारापतुर थांबता येतंय का बग."

"पाऊस थांबणाराय का सत्कारापर्यंत?" तिचा आवाज चढला. "खाली निगुडवाडीची चारशे घरं आहेत, आबा."

ते उठून आत गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ही मूठ उघडली नाही तर निगुडवाडी राहत नव्हती. तांबजाईचा निम्मा बांध मातीचा. मातीच्या बांधावरून एकदा पाणी गेलं की तो तासाभरात वाहून जातो.

गुरुवारी सकाळी सातला तेजस्विनीने साठ नंबरचे चिमटे काढले.  एकसष्टवर लावले. भिंतीवरचा २१९० पुसला गेला, थोडा वेळ काहीच नव्हतं, आणि मग लाल शून्य आलं. खाली दोन चौकटी उमटल्या. सेल बदलण्याचं कारण. जबाबदार व्यक्तीचं नाव. त्या भरल्याशिवाय नाडी नवा सेल मानणार नव्हती.

पहिल्या चौकटीत तिने लिहिलं: जुन्या म्होरक्या सेलला वेगळा चार्जर जोडलेला सापडला. दुसऱ्या चौकटीपाशी तिचं बोट अडलं. स्वतःचं नाव टाकावं असा विचार मनात येऊन गेला. तीन वर्षं इथे ती होती. कोण विचारणार होतं?

"लिव," मागून आवाज आला. "महादेव रामू लोहार."

आबा दारात उभे होते. अंगात सत्काराचा पांढरा शर्ट.

"तुझं नाव टाकशील तर त्ये खोटं पुन्यांदा चालू हुईल. मी इतकी वर्सं केलं. पुरे झालं. लिव."

तिने लिहिलं. चार्जरच्या कपाटात खट्कन आवाज झाला आणि तीन वर्षांनी बॅटरी रूममध्ये जोराचं चार्जिंग सुरू झालं. पाठोपाठ फोन वाजला.

"तुला लेखी दिलं होतं मी," निंबाळकर साहेब म्हणाले. "मुंबईहून फोनवर फोन येतायत. चिमटे परत लाव."

"साहेब, इथे या. नळी तुमच्या हाताने बुडवा. साठ सोडून कुठलाही नंबर तुम्हीच सांगा. बाराशे आला तर मी चिमटेही लावते आणि राजीनामाही देते."

ते आले. त्र्याऐंशी नंबर सांगितला. नळी स्वतः बुडवली, डोळ्यांसमोर धरली, पुन्हा बुडवली. मग रुमालाने हात पुसत बाहेर गेले आणि तहसीलदारांना फोन लावला. निगुडवाडी उद्या दुपारच्या आत रिकामी करा म्हणाले. नाडीचं शून्य कागदावर होतं. आता त्यांनाही बळ आलं होतं.

दिवसभर बाप-लेक एकशेवीस सेल मोजत होते. ती वाकून नळी बुडवी आणि आकडा सांगे, ते रजिस्टरात लिहीत. जो आकडा येई तोच लिहिला जात होता. मध्येच ते म्हणाले, "कंबर मोडती न्हाई का गं?" ती म्हणाली, "मोडते." त्यावर दोघंही थोडं हसले. नऊ सेल मेलेले निघाले. ते वगळून महादेवरावांनी शेजारच्यांना जाड तारेने जोडून दिलं. बाकीच्यांत हळूहळू बुडबुडे आले. खोलीत तो जुना आंबूस, घशाला लागणारा वास भरला. तीन वर्षांचे खडे एका दिवसात विरघळत नसतात. पण मापं चढत होती, अकराशे वीस, अकराशे चाळीस. शुक्रवारी सकाळी बरीचशी अकराशे साठवर अडली ती अडलीच.

दुपारी पावणेदोनला वादळी वाऱ्यात लाईनचा टॉवर पडला. दिवे गेले. वरच्या खोऱ्यातून पाणी तासाला दीड फूट चढत होतं आणि बांधाच्या माथ्याला तीन फूट उरले होते. पाणी रोखायला निदान साडेतीन दरवाजे उचलायला हवे होते. एका दरवाजाला वीस मिनिटं.

"घ्या पहिला," तेजस्विनीने फोनवर दरवाजाघरातल्या दौलत शिंद्यांना सांगितलं. मोटरने ओढ घेतली तसा व्होल्टमीटरचा काटा दोनशे बावीसवरून खाली आला. दोनशेच्या खाली गेला की मोटर अडणार होती.

पहिला उचलला. काटा दोनशे चौदा. दुसरा उचलला. दोनशे आठ. तिसरा निम्म्यावर असताना काटा एकदम दोनशे दोनवर आदळला.

महादेवराव रांगेतून हात फिरवत चालले होते. सत्त्याऐंशीपाशी हात झटकन मागे घेतला. "तापलाय. ह्यो उलटा झाला. वीज द्यायच्या जागी खायला लागलाय. काढाय पायजे."

"दौलतराव, थांबवा." मोटर थांबली. काढायचा म्हणजे नट सोडवायचे, ठिणगी पडणार. आणि दीड दिवसाच्या चार्जिंगने खोलीत हायड्रोजन साचलेला. बाहेर टाकणारा पंखा विजेबरोबर बंद. एक ठिणगी पुरे होती.

"दारं-खिडक्या उगड. पंदरा मिन्टं थांबायचं."

"पाणी चढतंय, आबा."

"चढू दे. घाई केली तर सगळंच जाईल."

ती पंधरा मिनिटं तेजस्विनीच्या आयुष्यातली सगळ्यात लांब. वारा खोलीतून आरपार वाहत होता. फोनवर दौलत शिंदे दर दोन मिनिटांनी पातळी सांगत होते आणि दर वेळी त्यांचा आवाज बारीक होत होता. पंधरावं मिनिट संपलं. महादेवरावांनी सायकलची ट्यूब गुंडाळलेला पाना उचलला आणि लेकीला दाराबाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही.

"जा म्हनतोय न्हवं."

"तार कोण धरणार?"

त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते वाकले. तिने तार धरली. नट सुटले, सेल वगळला, तार बसली. एवढीशी निळी ठिणगी चटकन उडाली आणि विझली. 

"घ्या, दौलतराव."

तिसरा पूर्ण उचलला. चौथा निम्म्याच्या वर गेला, काटा एकशे अठ्ठ्याण्णववर आला आणि मोटर कण्हत कण्हत थांबली ती थांबलीच. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन कानाला लावून ती नुसती उभी राहिली.

"माथ्याला दीड फूट," दौलत शिंदे म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा, "दीड." आणि मग, "तेजाताई, उतरतंय. बोटभर उतरलंय."

निगुडवाडीच्या खालच्या आळीत कमरेएवढं पाणी शिरलं. सहा घरांच्या भिंती गेल्या. माणूस एकही गेला नाही.

शुक्रवारचा सत्कार रद्द झाल्याचं पत्र सोमवारी आलं. आठवडाभरात दोनशे अकरा ठिकाणचे चिमटे शेजारच्या सेलवर लावून पाहिले गेले. सगळीकडे चोरटा चार्जर नव्हता, पण म्होरक्याचे लाड सगळ्यांनीच केले होते. कुणी त्याला आधी पाणी पाजत होतं, कुणी त्याचेच तारा जोडायचे खांब घासत होतं. चौसष्ट ठिकाणी शून्य आलं. नाडी बंद झाली आणि जागोजागी महिन्याचा बूस्ट पुन्हा सुरू झाला.

महिन्याने महादेवरावांना चौकशीला बोलावणं आलं. निघायच्या दिवशी तेजस्विनीने निळा चौकड्यांचा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला. ते आतून बाहेर आले तेव्हा अंगात पांढराच होता, धुतलेला, कडक इस्त्रीचा. पोटावर, बाह्यांवर, कॉलरपाशी मोहरीएवढी भोकंच भोकं.

"आबा, हा घालून जाणार? साहेब लोक काय म्हणतील?" म्हणत तिने रफूला डब्यातून सुई-दोरा काढला.

"म्हनू देत," महादेवराव म्हणाले आणि एकेक करत सगळी बटणं लावली. "रजिस्टर त्यांनी बगितलंय. आता ह्येबी बगू देत."

तिने सुई-दोरा परत डब्यात ठेवला.